मंडईची लाल नानखटाई

ता. १७ ऑक्टो. १९८३

काल दसरा झाला. आज कुंदाला घेऊन लाखनीला गेले, फ्रॉकचं कापड घ्यायला. बेकरीपाशी पोरगी थबकली. काचेच्या बरणीत लाल नानखटाई, कुंकवासारखी लालभडक. मागितली नाही. नुसती पाहत राहिली आणि मग म्हणाली, "चाल न व मोठी माय, उशीर होऊन राहिला." सात वर्षांच्या पोरीला कसला आलाय उशीर!

मागच्या साली दिवाळीनंतरच्या मंडईत, गावच्या जत्रेत, असलीच लाल नानखटाई खाल्ली आणि तासाभरात अंगभर गांधी, ओठ सुजून वडा. डॉक्टर म्हणाले, बाजारचा लाल रंग हिला सोसत नाही. तेव्हापासून लाल गोळी नाही, बर्फाचा गोळा नाही, काही नाही. पोरीनं हट्ट केला असता तर चार धपाटे घालून मोकळी झाले असते. ही शहाण्यासारखी वागते तेच बघवत नाही.

म्हणून एस.टी.त बोलून बसले, "या मंडईले मी तुले घरची लाल नानखटाई करून देतो. बाजारचा रंग न घालता." उचलली जीभ, लावली टाळ्याला. रंग न घालता लाल कशी करतात हे मला तरी कुठं माहीत!

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बिनपाण्याची विहीरही खोदून टाक मंग."

ता. १९ ऑक्टो.

मोतीराम भाऊजी येऊन गेले. ह्यांचे धाकटे भाऊ, कुंदाचे वडील. मोहाडीच्या तहसील कचेरीत कारकून आहेत. चहा पिता पिता कपाकडे बघत बोलले, "वहिनी, सिंधू म्हणते, पोरीले आता आपल्यापाशी आणावं. मंडईले येतो आमी, तवा ठरवू."

चार वर्षं झाली. त्यांचा बारका सातव्या महिन्यात झाला, सिंधू दवाखान्यात आणि कुंदा माझ्या कडेवर आली ती राहिलीच. आता बारका चांगला गुटगुटीत आहे. नेणारच ना. लेकरू त्यांचं आहे.

मागच्या साली पोरीचं अंग सुजलं तेव्हा सिंधू चारचौघांत म्हणाली होती, "तुमच्या इथं पोरगी काय खाते, हे कोणी पाहते का नाई?" मी उलट बोलले नाही. मी! जिच्या तोंडाला गाव भितं, ती. कारण ती खरं बोलली होती.

मला मूल नाही हे ह्या वहीत मी कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिलं. झालं.

आता ह्या मंडईत पोरीच्या अंगावर एक गांध जरी उठली तर

ह्यांचं म्हणणं, "नानखटाई नीट कर, बाकीचं मी बोलतो." हे बोलणार! ह्यांचं बोलणं बैलांपुरतं.

ता. २२ ऑक्टो.

प्रयोग पहिला. हे भंडाऱ्याहून बीट घेऊन आले. किसलं, फडक्यातून पिळलं, त्या रसात मैदा, तूप, साखर, नेहमीसारखा चिमूटभर सोडा. गोळा असा देखणा झाला की हे मुद्दाम आत येऊन बघून गेले. कुंदा तर चुलीपुढून हलेना.

डेगचीत वाळू तापवली, वर ताटली, झाकणावर निखारे. अर्ध्या तासानं झाकण काढलं तर ताटलीत गोवऱ्या. रंगही गोवरीचा, आकारही गोवरीचा. रस गेला कुठं देव जाणे.

कुं. नं एक खाल्ली. "गोड हाये," म्हणाली. ह्या पोरीला वकील करावं.

ता. २३ ऑक्टो.

शेजारच्या यमुनाबाई विरजण मागायला आल्या. विरजण निमित्ताला, नाक आमच्या डेगचीत.

"काय जी गिरजाबाई, औंदा मंडईले गोवऱ्या वाटता का पाव्हण्यायले?"

यमुनाबाईंची लाल नानखटाई गावात नावाजलेली. मोठा पराक्रम! बाजारातली रंगाची पुडी आणली, ओतली. त्यात हाताचं कसब कुठलं आलं?

मी म्हटलं, "बाजारचा रंग नाई घालायचा मले."

"मंग लाल कायची होते बाप्पा?"

"होते. बघजा तुम्ही."

आता गावभर झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ता. २५ ऑक्टो.

आज पहाटे अंथरुणातच सुचलं. कुंकू कशाचं करतात? हळदीचं! हळदीला खार लावला की लाल होते. खार म्हणजे सोडाच की. इतकं सोपं! माझ्या अकलेचं मलाच कौतुक वाटलं, दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

प्र. दुसरा. हळद घातली, सोडा सढळ हातानं. गोळा लाल झाला, खोटं नाही सांगत, तांबडालाल. भाजल्यावरही बऱ्यापैकी टिकला. मी नाचायचीच बाकी.

मग ह्यांनी एक तोंडात टाकली. "गिरजा, हे खायाचं हाये का पाय मुरगळल्यावर लावायचं?"

मी खाऊन बघितली. लेपच. वर सोड्यानं जीभ आखडली. कुं. हसून हसून चुलीपुढं लोळली. मीही हसले. मग परसात जाऊन थोडं रडले. नानखटाईसाठी नव्हे.

ता. ३० ऑक्टो.

हलक्या धानाची कापणी सुरू. चार दिवस वही हातात धरली नाही. आज बांधावर भाकर खाताना अंबाडीकडे लक्ष गेलं. बोंडं धरलीत, लालचुटूक. जन्मभर त्यांची चटणी केली, पण ह्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. पदराचा ओटा भरून तोडून आणली.

पाकळ्या उकळल्या. रस बघावा तर माणकासारखा! देवाशप्पथ, असा लाल मी बाजारातही पाहिला नाही. बीटही घातलं जोडीला. मैदा, तूप, साखर, सोडा.

सोडा पडला आणि माझ्या डोळ्यांदेखत गोळा काळानिळा पडायला लागला. कोणी मार दिल्यासारखा. भाजून निघाला तो तळ्यावरच्या शेवाळाच्या रंगाचा.

हे म्हणाले, "हे कावळ्यालेच ठेव."

कावळाही शिवला नाही.

ता. ३१ ऑक्टो.

काल रस पदरावर सांडला होता. लाल डाग. आज साबण लावला तर डाग निळा! भांडी घासायच्या चिंचेचा कोळ हाताला होता, तो डागाला लागला तर परत लाल!

विहिरीवर उभी राहून मी तो पदर चारदा निळा केला आणि चारदा लाल. यमुनाबाई बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, पोरगी जाणार म्हणून हिचं डोकं फिरलं.

म्हणजे सोडाच मुळावर उठलाय! आंबट राहिलं तर लाल, खार पडला की गेलं. आणि आम्ही पिढ्यान् पिढ्या नानखटाई म्हटली की आधी सोड्याची पुडी शोधतो. सोड्याशिवाय खुसखुशीत होत नाही म्हणतात. न होऊन सांगते कुणाला!

ता. २ नोव्हें.

झाली. झाली गं बाई.

सोडा नाही. तूप हातानं फेटलं, पार पांढरं, लोण्यासारखं हलकं होईपर्यंत. खांदा गेला कामातून. बीटाचा रस आटवून घट्ट केला, अंबाडीचा तसाच. थोडं आंबट दही. जायफळ. वेलदोडा नाही, त्यानं अंबाडीची चव मरते. आच मंद.

रंग? खरं लिहायचं तर विटकरी. आतून जरा जास्त लाल. कुंकवासारखी नाही. पण तोंडात टाकली की विरघळते, आणि गोडाच्या मागून एक आंबटशी झुळूक येते. अशी नानखटाई मी कुठंच खाल्ली नाही, आणि हे मी माझी म्हणून म्हणत नाही. म्हणते, माझी म्हणूनच म्हणते.

कुंदाला पाव तुकडा दिला. दुधानं तोंड पोळलेलं, ताकही फुंकून प्यायचं. दिवसभर तिची बाही वर करून बघत होते, शेवटी चिडली, "सोड न व मोठी माय, काई नाई झालं!"

काही झालं नाही. सं. अख्खी दिली. तरी काही नाही.

"पण हे लाल नाई," म्हणाली. "हे त विटेवानी हाये."

खरं बोलायची खोड ह्या घराण्यातच आहे.

ता. ४ नोव्हें.

लक्ष्मीपूजन. चकल्या बिघडल्या, त्याचं काही वाटलं नाही. कुं. नव्या फ्रॉकात. तिचे जुने दोन आखूड झालेत, उसवून लांबवले पाहिजेत. मग वाटलं, कशाला. मग उसवलेच.

ता. ८ नोव्हें.

गावोगाव मंडया सुरू. आपली तेरवा, शुक्रवारी. दंडारवाल्यांची, मंडईत रातभर सोंगं नाचवणाऱ्यांची, तालीम ऐकू येते इथपर्यंत.

कुं. अभ्यास सोडून मधेच विचारते, "मोहाडीले अंबाडी असते का?"

म्हणजे तिच्या कानावर आलंय. मी म्हटलं, असेल की, सगळीकडं असते.

"तू येशीन का तिथं?"

मी म्हटलं, पाटी घे, पाढे म्हण. तेराचा.

ता. १० नोव्हें.

पाहुण्यांसाठी एवढी नानखटाई डेगचीत होत नाही. गोळा मळून पिवळ्या डब्यात भरला, हे सायकलवर लाखनीच्या भट्टीवर घेऊन गेले. मंडईच्या हप्त्यात सगळ्या गावची नानखटाई त्याच भट्टीवर जाते. जातो तो गोळा, येतो तो भाजलेला माल. यमुनाबाईंचे धनीही बरोबर गेले, त्यांचाही पिवळाच डबा. वनस्पती तुपाचे डबे सगळ्या घरी तेच. म्हणून मी आपल्या डब्याच्या कडीला निळी चिंधी बांधून दिली.

दु. पासून पाहुणे यायला लागले. सं. हे आले, डबा फळीवर ठेवला. भट्टीवाल्या चाचांचा निरोप: "भाभी को बोलो, भट्टी की आँच में रंग खिलता है." देव करो.

उघडून बघायला वेळ मिळाला नाही. पंधरा माणसांचा स्वयंपाक. सिंधू, भाऊजी, बारका सकाळी येणार.

ता. ११ नोव्हें., मंडई

सकाळी लिहिणार होते. आता लिहिते आहे, सगळे दंडारीला गेल्यावर.

सिंधू आली. कुंदाला जवळ घेतलं, कुं. आधी लाजली, मग मांडीवर जाऊन बसली. बसणारच. बारका चुलीत काठी घालतो, द्वाड आहे. मला आवडला.

चहाबरोबर डबा काढला. ओसरीवर पाहुणे, सोयरे, यमुनाबाईही. झाकण उघडलं आणि

लाल! कुंकवासारखी, जास्वंदीसारखी लाल! माझी! भट्टीत रंग खुलतो म्हणाले होते, तो असा खुलला. सगळे "अरे वा, अरे वा." सिंधूचा चेहरा बघण्यासारखा झाला. ह्यांनी मिशीवरून हात फिरवला, जसं काही ह्यांनीच तूप फेटलं. मी म्हटलं, "अंबाडीची हाये. रंगाची पुडी नाई. खा पोरी, घे." कुंदानं दोन्ही हातांत एकेक घेतली.

मीही एक तोंडात टाकली.

वेलदोडा.

मी वेलदोडा घातला नव्हता. आंबट नाही. जिभेला सोडा लागला.

पुढचं मला नीट आठवत नाही. कुंदाच्या हातावर जोरात चापट मारली, नानखटाई उडून भिंतीवर. तिच्या तोंडात बोट घालून तुकडा बाहेर ओढला. "थूक! थूक म्हणतो न!" पोरगी किंचाळली.

एक क्षण मनात आलं होतं, काहीतरी सांगावं. केस निघाला, खडा निघाला. सगळे वाहवा करत होते, सिंधू समोर बसली होती. पण तोंडातून निघालं तेच, "ही माह्यी नव्हे. ही बाजारच्या रंगाची हाये. डबा बदलला."

सिंधू उठली, पाण्याचा तांब्या आणला. दोघींनी मिळून पोरीला चुळा भरवल्या. एक चूळ झाली की ती पुन्हा तांब्या पुढं करी.

ह्यांना विचारलं, चिंधी कुठं गेली?

"ते... सायकलची चैन पडली होती वाटेत. हात पुसाले घेतली."

माझी चिंधी! माझ्या चार वर्षांची राखण त्या चिंधीवर, आणि ह्यांनी तिनं हात पुसले!

यमुनाबाईंनी तेवढ्यात कपाळावर हात मारला. "म्हून माह्यी जळली व बाई! मले वाटलं भट्टीवाल्यानं जाळून टाकली. तसली पाव्हण्यायले कशी देऊ? देऊन टाकली दंडारवाल्यायले!"

मी पदर खोचला आणि पळत सुटले. शाळेच्या ओट्यावर दंडारीची मंडळी चहा पीत बसलेली. बायकांचं सोंग घेणारा तो उंच गडी, तोंडाला अर्धी पावडर, मांडीवर परात. माझी विटकरी नानखटाई मिटक्या मारत खात होता.

"हे कोणाच्या हातची हो माय? अजून हाये का? औंदा पयल्यांदाच मंडईत कायतरी येगळं खाल्लं."

त्या क्षणी त्याला ओवाळावं की मारावं कळेना. जेमतेम ओंजळभर उरली होती, ती पदरात घेऊन आले. त्यानं शेवटची तोंडातली परत करायची तयारी दाखवली, नको म्हटलं.

घरी येते तर कुंदा माझ्याशी बोलत नाही. गालावर अश्रूंचे ओघळ. हातावर माझी बोटं उमटलेली. तिला कधी मारलं नव्हतं. नानखटाई पुढं केली तर तोंड फिरवलं.

मग दुपारभर आम्ही दोघी जावा तिच्या दोन्ही बाजूंना बसलो. एक बाही सिंधू वर करी, एक मी. कानामागं एक गांध उठली. माझा जीव गेला. सिंधू वाकून बघत राहिली, बघत राहिली. "मच्छर हाये," म्हणाली. "दुसरी नाई कुठं."

दुसरी उठली नाही. दिवे लागले तरी नाही.

दंडारीला निघताना कुं. परत आली आणि माझ्या ताटातली एक विटकरी उचलून नेली. माझ्याकडे न बघता.

ता. १२ नोव्हें.

अंग स्वच्छ. कानामागचीही गेली. मच्छरच असेल. किंवा नसेल. देवाला पेढे बोलले होते, ते देणार.

पोरगी बोलायला लागली. पहिलं वाक्य, "तो बाईचं सोंग घेते न, तो तुह्या नानखटाईचं गाणं म्हणे रात्री." खरंच म्हणाला म्हणे स्टेजवर, गिरजाबाईची विटकरी खाऊन दात पक्के झाले म्हणून! पाहुणे हसून लोटपोट. माझं नाव झालं एकदाचं, दातांसाठी.

विहिरीवर सिंधू एकटीच आली. मी धुणं आपटत होते.

"वहिनी, तुम्ही सगळ्यायच्या समोर सांगतलं. मी असती त नसती सांगू शकली."

मी म्हटलं, "पोरगी सुजली असती न."

"हाव. पण मी त म्हटलं असतं, दुसरंच कायतरी खाल्लं असन तिनं." मग पिळा पिळत म्हणाली, "मागच्या साली मी जास्तच बोलली."

मी तिची बादली भरून दिली.

मग तिनं विचारलं, "कशी करता ते? मले शिकवा. सगळं सांगजा."

हसू येत होतं मला त्या क्षणी, आणि ते अर्ध्यावर थांबलं. कारण ही शिकली म्हणजे पोरीला मोहाडीत लाल नानखटाई मिळणार. मग मोठ्या मायचं काय काम?

शिकवलं. सगळं. तूप किती फेटायचं, बीट किती आटवायचं, सोडा का नाही. पदराचा निळा-लाल खेळही करून दाखवला, तिला गंमत वाटली, बारका ओला झाला. एकही गोष्ट लपवली नाही. लपवावीशी वाटली होती. ती अंबाडी निवडत होती आणि तिची मान अगदी कुंदासारखी वाकते. आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

ता. १३ नोव्हें.

ठरलं ते असं: कुंदाला सुट्टीपुरती मोहाडीला नेतात. तिचं मन रमतं का बघायचं. शाळा २१ ला उघडते, त्याआधी ठरवायचं, इथली शाळा की तिथली.

भाऊजी बोलले, सिंधू बोलली, हे पण बोलले ("हाव, बराबर हाये"). कुंदाला कोणी विचारलं नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "बारक्याले पोहता येत नाई, त्याले शिकवतो." हे उत्तर आहे की नाही?

स्टँडवर सोडायला गेलो. खिडकीतून हात हलवला. बस हलली आणि मी मूर्खासारखी ओरडले, "तेराचा पाढा!"

ता. १६ नोव्हें.

घर एवढं मोठं कधी झालं? हे रोज संध्याकाळी काहीतरी निमित्तानं लवकर येतात आणि उंबऱ्याशी उभे राहतात. मग म्हणतात, मांजर दिसत नाही. आमच्याकडे मांजर नाही.

यमुनाबाई अंबाडी मागायला आल्या. "औंदाच्या तुळशीच्या लग्नाले लाल करून पाहतो म्हटलं, तुमच्यावानी." दिली ओटाभर. शिकवलं पण. म्हणाल्या, सोडा थोडासा तरी घालतोच. घाला म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी.

हिरवी होईल तेव्हा विरजणाच्या निमित्तानं मी जाईन बघायला.

ता. १८ नोव्हें.

हे मोहाडीला जाऊन आले. धानाच्या कामाचं निमित्त. मी विचारलं नाही, जेवायला वाढलं. दोन घास खाऊन आपणच सुरू झाले.

सिंधूनं नानखटाई केली. हिरवी झाली! सोडा नाही घातला, शपथेवर सांगते म्हणे. मग कशी? पितळेच्या पातेल्यात रस उकळला, कल्हई गेलेल्या. शिवाय चुलीची राख उडाली असेल, कोण जाणे. पोरीनं तीही खाल्ली, आणि "गोड हाये" म्हणाली.

ऐकून मी हसले आणि हसता हसता घास अडकला. ह्यांनी पाठीवर थापटलं.

"पोरगी कशी हाये?"

"चांगली हाये. बारक्याले नाल्यात पोहणं शिकवते. तिथल्या मास्तरीणबाई भेटल्या तिले, चांगल्या हायेत म्हणे." मग, "झोपताना सिंधूले मोठी माय म्हणून हाक मारली तिनं एकडाव. सिंधूनंच सांगतलं मले."

"मंग?"

"मंग काय. सिंधू हसली. पण डोळे पुसले तिनं."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला. पण त्याच्यामागून सिंधूचे डोळे आले.

सिंधूचा निरोप: या म्हणावं. करून दाखवा माझ्या चुलीवर. दोन दिवस राहा. तेव्हाच बोलू काय ते.

ता. १९ नोव्हें.

सकाळच्या बसनं निघाले आहे. स्टँडवर बसून लिहिते, बस यायची आहे. अंबाडीची पिशवी, जायफळ, तुपाची बरणी. कल्हईचं पातेलं माझंच घेतलं, तिच्यावर विश्वास नाही. परवा शाळा उघडते.

बॅग भरताना कुंदाचे कपडे समोर आले. चार फ्रॉक इथं राहिलेत. न्यावेत तर तिथं राहायचं म्हटल्यासारखं होतं. न नेले तर पोर दोन कपड्यांवर दिवस काढते. सिंधूनं मागितले नाहीत. तिलाही हेच वाटलं असेल.

दोन घेतले. दोन फळीवर ठेवले.

ह्यांनी पाहिलं. "दोनच काहून?"

मी म्हटलं, बाकीचे ओले आहेत.

ओले नव्हते. ह्यांनी हात लावून पाहिले, आणि "हाव, ओले हायेत" म्हणाले.